वेसालच्या पायाशी शेवंती

आमच्या चौकाला चौक म्हणतात, पण तो गोल आहे. त्याच्या मधोमध जो दाढीवाला कांस्याचा माणूस उभा आहे, त्याला येणारे-जाणारे कधी कवी समजतात, कधी सेनापती. गेल्या उन्हाळ्यात एका बाईने तर त्याच्यासमोर उभं राहून छातीवर क्रूस काढला. नगरपालिकेचा हिरवा कोट घालून मी एकवीस वर्षं या बागेत माळीकाम करतोय. मला कोणी विचारलं की हे कोण, तर मी तोंड पाडून सांगतो, "खाटीक होते बिचारे." मग लोक पुढे काही विचारत नाहीत.

हा आंद्रे वेसाल. आमच्या ब्रसेल्सचाच पोरगा. त्याच्या आधीचे पंडित म्हणे उंच खुर्चीवर बसून जुनी पोथी वाचायचे आणि मढं चिरायचं काम खालच्या माणसाकडून करून घ्यायचे. पोथीत लिहिलंय तसं आत दिसलं नाही, तर चूक मढ्याची. वेसालने खुर्ची सोडली, स्वतः सुरी हातात घेतली आणि डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. एवढ्यासाठी त्याचा पुतळा. मला विचाराल तर वाजवी आहे. ब्रसेल्समध्ये याहून कमी कामावर पुतळे झालेले आहेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पानं गोळा करत होतो. तेवढ्यात मादाम ओडिल फाटकातून आल्या. अठ्ठ्याहत्तर वय, गुडघ्यापर्यंतचा तपकिरी कोट, आणि दोन्ही हातांत पिवळ्या शेवंतीची ही एवढी कुंडी. त्यांनी ती सरळ नेऊन वेसालच्या पायाशी, चौथऱ्याला टेकवून ठेवली आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं, सरळ आहे का ते.

"मादाम ओडिल, इथे नाही ठेवता येत."

"कोण म्हणतं?"

"नियम म्हणतो. संध्याकाळी मलाच उचलायला लागेल."

"मग कुठे ठेवू ते तरी सांगा!" त्या माझ्यावर उखडल्या. "एक तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, आख्खी इमारत कबरींवर ठेवायच्या कुंड्या घेऊन बाहेर पडते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईच्या तर तीन-तीन कबरी आहेत. मला जिन्यात अडवून विचारते, तुम्ही कुठल्या दफनभूमीत जाता हो? काय सांगू तिला, फोन्स? माझा नवरा विद्यापीठाच्या फ्रिजमध्ये आहे म्हणून?"

त्या पुतळ्याकडे वळल्या आणि भाजीवाल्याशी भांडावं तशा त्याच्याशी भांडायला लागल्या. "ए दाढीवाल्या, दीड वर्ष झालं. अजून झालं नाही का बघून? हृदय एक, मूत्रपिंडं दोन, अक्कल शून्य. झालं, संपला माझा स्ताफ. परत दे आता."

मला हसू आलं, पण ते मी लगेच गिळलं. कारण परत मागायचं कुठे, कसं, हे सांगणारं विद्यापीठाचं पत्र त्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच माझ्याकडे आणून दिलं होतं. सरकारी भाषा त्यांना झेपत नाही. पत्रात लिहिलं होतं की श्री. गुस्ताफ, म्हणजे आमचा स्ताफ, यांच्या देहावरचं अध्यापनाचं काम पूर्ण झालेलं आहे, अंतिम विधी लवकरच होईल, घरच्यांना काही सांगायचं असल्यास कार्यालयात यावं. मी म्हटलं होतं, कागदाने काही होत नाही, आपण दोघं समक्ष जाऊ. आणि मग सात आठवडे मी चालढकल केली. आधी हंगामाची रोपं लावायची होती. मग माझा गुडघा दुखत होता. मग माझी रजा आली. गुडघा दुखत होता हे खरं, पण त्याच गुडघ्याने मी दर शनिवारी कॅफेत जात होतो.

का टाळलं, तेही सांगतो. एवढं सांगायचं तर ते झाकून काय उपयोग.

स्ताफ ट्रामच्या डेपोत ब्रेक दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी पुतळ्यासमोरच्या बाकावर बसून पांढऱ्या चीजचा पाव आणि मुळे खायचा आणि मी कामात कसा चुकतो ते मला सांगायचा. वेसालवर त्याचा भारी जीव. म्हणायचा, "फोन्स, उघडल्याशिवाय कळत नाही. साहेब लोक वर बसून सांगायचे, ब्रेक ठीक आहे. मी उघडायचो, आत लोखंडाचा भुगा. मलाही कोणीतरी उघडून बघावं. एवढी वर्षं छातीत कसला आवाज येतोय ते त्या डॉक्टरच्या पोरांना तरी कळेल."

तर देहदानाचं पत्र. आमच्याकडे ते छापील चालत नाही. स्वतःच्या हाताने लिहायचं, दोन प्रती, खाली सही. नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी कॅफेतल्या आमच्या नेहमीच्या टेबलावर बसून स्ताफने ते लिहायला घेतलं. विद्यापीठाने काय काय लिहायचं त्याची यादी पाठवली होती. शेवटचा मुद्दा होता, काम झाल्यावर राख घरच्यांना परत द्यावी की नाही. मादाम ओडिल तेव्हा सूप आणायला काउंटरवर गेल्या होत्या. स्ताफ पेन चावत बसला होता. आणि मी, ज्याच्या जिभेला हाड नाही असा मी, म्हणालो, "लिही. बायकोला परत देऊ नये. एकेचाळीस वर्षं तिच्यासोबत काढली, आता पुरे."

आमच्या गावची थट्टा कशी असते ते तुम्हाला माहीत असायला हवं. ती गंभीर चेहऱ्याने करायची आणि थट्टा होती हे शेवटपर्यंत कबूल करायचं नाही. जो आधी हसला तो हरला. स्ताफने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि लिहिलं. शब्दन् शब्द, सुंदर अक्षरात, दोन्ही प्रतींवर. मादाम ओडिल सूप घेऊन आल्या तेव्हा त्याने ते त्यांना मृत्युपत्र वाचावं तसं वाचून दाखवलं. त्यांनी वाडगा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाल्या, "खाली माझीही सही घ्या. उद्या हा दारात परत आला तर मी जबाबदार नाही." आणि सही केली! आसपासच्या टेबलांवर लोक नॅपकिन तोंडात कोंबून बसले होते, पण आमच्या तिघांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग स्ताफने पाकिटाला जीभ लावली, मादामनी तिकीट चिकटवलं आणि बाहेर जाऊन स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं. आता तरी कोणीतरी म्हणेल, चला, नवीन कागद घ्या, असं प्रत्येकाला वाटत होतं. पण म्हणणारा हरणार होता. त्यामुळे कोणीच म्हटलं नाही. कागद वाचणाऱ्यालाही थट्टा कळेलच, असं आम्ही धरून चाललो. ब्रसेल्सच्या माणसाला वाटतं, आख्खं जग ब्रसेल्सचंच आहे.

नंतर आठ वर्षं तो विषय कोणी काढला नाही. गेल्या वर्षी वसंतात स्ताफ गेला. विद्यापीठाची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. मादाम ओडिल दारात उभ्या राहून ड्रायव्हरला म्हणाल्या, "जपून हं, त्याला मागच्या सीटवर मळमळतं." तो कागद मला मात्र त्या दिवसापासून आठवत होता.

"आज जाऊ या," शेवंतीकडे बघत मादाम ओडिल म्हणाल्या. "गुडघा कसा आहे तुमचा?"

"बरा आहे."

"मग कोट बदलू नका, असेच चला. सरकारी दिसता."

शेवंती मी अवजारांच्या खोलीत ठेवली आणि आम्ही निघालो.

कार्यालय तळमजल्यावर होतं. भिंतीवर वेसालचंच चित्र, तीच दाढी. मादाम ओडिल त्याला म्हणाल्या, "इथेही आहेस होय." टेबलामागे एक तरुण बाई होती. बोलण्यावरून समुद्राकडची वाटली, ब्रसेल्सची नाही. फार सौजन्याने वागली, खुर्च्या दिल्या, पाणी विचारलं. मादामनी नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "राख न्यायला आलेय. सर्व संतांच्या दिवसाच्या आत मिळाली तर बरं होईल, म्हणजे जिन्यात कोणी विचारलं तर सांगायला होईल."

तिने फाइल काढली. वाचायला लागली. तिचे डोळे एका जागी थांबले ते मी बघितलं. कान तापले माझे.

"मादाम," ती हळूच म्हणाली, "यांनी परत देऊ नये असं लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"तुमचीही सही आहे." तिने कागद फिरवून समोर ठेवला.

मादाम ओडिलनी चष्मा लावला. स्ताफचं अक्षर बघून आधी त्यांचा चेहरा फुलला. गेलेल्या नवऱ्याचं अक्षर अचानक समोर आलं की असं होत असेल. मग ओळीवरून बोट सरकवत त्यांनी मोठ्याने वाचलं. "बायकोला परत देऊ नये. एकेचाळीस वर्षं तिच्यासोबत काढली, आता पुरे." शेवटचे दोन शब्द त्यांनी कुजबुजत वाचले.

"थट्टा होती ही," त्या म्हणाल्या.

"थट्टा?"

"हो, थट्टा. चेष्टा. कॅफेत बसून केलेली. तुमच्याकडे करत नाहीत का?"

"कागदावर तसं काही नाही, मादाम." ती बिचारी खरंच शोधत होती. तिने कागद उलटून मागची बाजूसुद्धा बघितली.

"अहो, थट्टा आहे असं थट्टेखाली कोण लिहितं?" मादाम ओडिल माझ्याकडे वळल्या. "फोन्स, सांगा ना हिला!"

"थट्टा होती," मी म्हणालो. "मी तिथे होतो, मिस. त्याच टेबलावर."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "कोणाची थट्टा?"

तिने सहज विचारलं होतं, तक्रार म्हणून नाही. माझं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, तीन शब्द, माझी थट्टा होती. शेजारी मादाम ओडिल कागदावर हात ठेवून बसल्या होत्या.

"सगळ्यांचीच," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. प्राध्यापकांना विचारते म्हणाली. दहा मिनिटं ती आली नाही. मादाम कागद वाचत होत्या, पुन्हा पुन्हा, जणू आणखी एखादी ओळ सापडेल. मी त्यांना त्या दहा मिनिटांतही सांगू शकलो असतो.

ती परत आली तेव्हा खुर्चीवर बसली नाही. मादामच्या शेजारी येऊन वाकली.

"मादाम, मला फार वाईट वाटतंय. विधी होऊन गेलाय. चौदा तारखेला. ज्यांची राख परत द्यायची नव्हती अशा बारा जणांचा एकत्र. राख दफनभूमीतल्या आमच्या गवतावर विखुरलीय."

"एकत्र म्हणजे?"

"सगळ्यांची."

"मग त्यातला स्ताफ कुठला?"

ती सरळ उभी राहिली, आणि तिच्या तोंडून ते निघालं. दिलासा द्यायलाच बोलली असेल बिचारी, पण मला वाटलं, कोणीतरी हिचं तोंड दाबा. "तुम्ही आधी येऊन सांगितलं असतंत ना, तर प्राध्यापक म्हणाले, आम्ही दिली असती. बायकोने मागितली तर आम्ही नाही म्हणत नाही. कागद एवढा कडक नसतो. पत्र पाठवलं होतं आम्ही, सप्टेंबरात."

मादाम ओडिल म्हणाल्या, "हो, मिळालं होतं पत्र. यांचा गुडघा दुखत होता."

त्यांनी ते माझी बाजू घेऊन सांगितलं. मला कोणी बोल लावू नये म्हणून. मी कोटाची बटणं लावत बसलो. आयुष्यात मी एवढा नालायक कधी दिसलो नसेन.

परत येताना ट्राममध्ये बसायला जागा मिळाली. खिडकीबाहेर बघत मादाम ओडिल म्हणाल्या, "फोन्स, थट्टाच होती ना?"

"मादाम, काहीतरीच काय! थट्टाच होती."

"मला सूप आठवतंय. सेलरीचं होतं. त्याने वाचून दाखवलं तेव्हा मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं होतं. एरवी त्याचे डोळे हसायचे. चेहरा कितीही दगड केला तरी मला डोळ्यांवरून कळायचं. त्या दिवशी नाही कळलं." त्यांनी पर्सचा बंद उघडला, पुन्हा लावला. "तेव्हा वाटलं, लबाड आज चांगलाच जमवतोय. पण समजा, खरं असेल तर? एकेचाळीस वर्षं. मी कटकट करायचे हो. घोरतो म्हणून त्याला उठवायचे. पुरे झालं असेलही."

"तसं नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत? लिहिलं तर त्यानेच ना?"

मला काय माहीत! मलाच माहीत होतं, जगात एकट्या मलाच. त्याचे डोळे हसले नाहीत, कारण थट्टा त्याची नव्हतीच. तो माझी थट्टा निभावत होता, मित्राला हरू द्यायचं नाही म्हणून. एवढं सांगितलं असतं तर या बाईच्या मनातला काटा निघाला असता. पण ते सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग सात आठवडे का थांबलात? आणि त्या प्रश्नाचं उत्तर तोंडावर सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. थांबा आला. मी त्यांना हात देऊन उतरवलं.

एक तारखेला मी शेवंती घेऊन त्यांच्या दाराशी गेलो. त्यांनी निळा कोट घातला होता आणि ओठ रंगवले होते. जिन्यात ती तिसऱ्या मजल्यावरची बाई भेटली, हातात तीन कुंड्या. मादाम ओडिल तिला म्हणाल्या, "आम्हीही निघालो," आणि ताठ मानेने खाली उतरल्या.

दफनभूमीत जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. जो तो आपापल्या दगडाशी वाकलेला, कोणी पाणी आणतोय, कोणी जुनी फुलं उचलतोय. आम्ही सगळ्यांना मागे टाकत टोकापर्यंत गेलो. तिथे दगड नाहीत, नुसतं गवत. फुटबॉलच्या मैदानापेक्षा थोडं लहान. कडेने एक सिमेंटचा कट्टा, फुलं त्यावर ठेवायची, गवतावर पाय द्यायचा नाही, अशी पाटी. तिथला राखणदार पोल माझ्या ओळखीचा. त्याने माझा हिरवा कोट बघितला, मादामकडे बघितलं आणि पाठ फिरवून लांब निघून गेला.

मादाम ओडिल कट्ट्यापाशी थांबल्या. वाऱ्याने शेवंती हलत होती.

"तुम्ही माळी आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गवतातलं कळतं. राख पडली की फरक पडत असेल ना? बघा ना जरा. कुठे असेल तो?"

फरक पडतो. ढीग पडला तर गवत आधी करपतं आणि मग जास्त हिरवं होतं. पण ही राख उधळलेली होती, बारा जणांची, आणि त्यावर दोन आठवडे पाऊस पडला होता. मी खाली बसून बघितलं. गवत होतं. सगळीकडे सारखं, चांगलं कापलेलं, ओलं. मी हाताने पाती बाजूला करून मुळाशी बघितलं, तिथेही मातीच होती. उघडून बघितलं तरी न कळणाऱ्या गोष्टी असतात, हे स्ताफला कोणीतरी सांगायला हवं होतं.

मागे वळून बघितलं. त्या माझ्याकडे डोळे लावून उभ्या होत्या.

"इथे," मी बोट दाखवलं. आतल्या बाजूला, बर्चच्या झाडापासून चार पावलांवर.

"नक्की?"

"नक्की."

त्या गवतावर चालत गेल्या. मी दाखवलेल्या जागी त्यांनी कुंडी ठेवली, तिची भरलेली बाजू पुढे केली, मातीत बोट घालून ओलावा बघितला. मग रुमाल पसरून त्यावर गुडघे टेकले. मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. गेल्या दीड वर्षात काय काय झालं ते त्याला सांगायला लागल्या. बॉयलर दोनदा बंद पडला, बहिणीने डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, खालच्या मजल्यावर ट्रम्पेट वाजवणारा आलाय आणि त्याला एकच गाणं येतं. मी दोन पावलं मागे, टोपी हातात घेऊन उभा होतो.

मग त्यांचा आवाज खाली आला.

"आणि काय रे स्ताफ," त्या म्हणाल्या, "तसं लिहायला तुला कोणी सांगितलं होतं?"

त्या मान कलती करून गवताकडे बघत राहिल्या, उत्तराची वाट बघत. मी मागे उभा होतो.